वाण घातक खरा, पण त्याला रान मोकळं करून दिलं कुणी?



खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात गेलात की तुम्ही नुसतं 'सोयाबीन द्या' असं म्हणत नाही. वाण कोणता, किती दिवसांचा, तांबेऱ्याला बळी पडतो का, हे सगळं विचारून घेता. पीक एकच असलं तरी वाण बदलला की सगळंच बदलतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. किडीचंही तसंच. २०१७ च्या हंगामात आपल्या राज्यातल्या कपाशीवर जी गुलाबी बोंडअळी उतरली, ती नावानं जुनीच होती. पण बीटीच्या विषाला ती दाद देईना. बोंडं फोडून पाहिल्यावर शेतकऱ्यानं कपाळाला हात लावला. नाव तेच, पण अळी बदललेली होती.

शेतात आपण इतके चौकस असतो. दवाखान्यात मात्र 'पोटात इन्फेक्शन झालंय' एवढं ऐकलं की मान डोलावून गप्प बसतो. मीही बसलो असतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरावर प्रसंग आला आणि विचारणं भाग पडलं. आज खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून त्याबद्दल लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, कृषी पदविका घेतलेला विस्तार कार्यकर्ता आहे. पण विषय आपल्या घराचा आहे आणि गोठ्याचाही आहे.

आमचे तात्या ओल्या बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली. जखम चिघळू नये म्हणून प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, इंजेक्शनं सुरू होती. सहाव्या दिवशी तात्यांना जुलाब सुरू झाले. दिवसाला दहा-बारा वेळा, पाण्यासारखे, पोटात कळा आणि ताप. भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं खालच्या दुकानातून जुलाब बंद करणारी गोळी आणून दिली. आम्ही ती दिलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं आणि माणूस ग्लानीत गेला.

नशिबानं पाळीवरच्या डॉक्टर मॅडम जाणत्या निघाल्या. त्यांनी ती गोळी बंद केली, चालू प्रतिजैविक थांबवलं आणि शौचाचा नमुना तपासायला पाठवला. त्यात एका जंतूचं विष सापडलं. तोंडावाटे व्हँकोमायसिन दिल्यावर आठवड्यात तात्या सावरले, पण अंगात ताकद यायला दोन महिने लागले. मी मॅडमना विचारलं, "हा यातला कोणता वाण?" त्या हसल्या. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे, पण ती तपासणी इथं होत नाही." तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून जे वाचलं, विचारलं, ते तुमच्यापुढे मांडतो.

या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. २०१६ पासून शास्त्रज्ञ त्याला क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड, म्हणून नावातच 'अवघड' हा अर्थ आला. गंमत अशी, की तो सापडला तो ठणठणीत तान्ह्या बाळांच्या शौचात. बाळांना त्याचा काही त्रास नव्हता. मोठ्या माणसांमध्ये प्रतिजैविकानंतर होणाऱ्या आतड्याच्या गंभीर दाहाचं कारण हाच जंतू आहे, हे सिद्ध व्हायला १९७८ साल उजाडलं. म्हणजे जंतू पोटात असणं वेगळं आणि जंतूनं माणूस आजारी पडणं वेगळं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा जंतू काम कसा करतो, ते लव्हाळ्यावरून समजून घ्या. भरल्या पिकात लव्हाळा दबून असतो. पण तणनाशक मारून रान साफ केलं, की वरचं सगळं जळतं आणि जमिनीतल्या गाठींतून लव्हाळा डोकं वर काढतो. आता त्याला अडवायला कुणी नसतं. आपल्या आतड्यातही असंच भरलं रान आहे. अब्जावधी जंतू तिथं नांदत असतात आणि बहुतेक आपल्या उपयोगाचे असतात. प्रतिजैविक दिलं की आजाराच्या जंतूबरोबर हे चांगले जंतूही मरतात. या जंतूचे बीजाणू मात्र टिकून राहतात. रान मोकळं दिसलं की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. त्या विषानं आतड्याचं अस्तर सोलवटतं.

या बीजाणूंची चिवटाई लव्हाळ्याच्या गाठींसारखीच. खाटेच्या कठड्यावर, संडासाच्या कडीवर, फरशीवर ते महिनोन् महिने टिकतात. २०२० च्या कोरोनापासून आपल्या सगळ्यांना सॅनिटायझरची सवय लागली. पण सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनं हे बीजाणू मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्यात हात चोळले तर ते धुऊन जातात, आणि फरशी व संडास क्लोरीनच्या द्रावणानं पुसावे लागतात. तात्यांच्या वॉर्डात दाराशी सॅनिटायझरची बाटली भरलेली होती आणि नळाजवळ साबणाची वडी नव्हती. तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. आता वाटतं.

आता वाणाकडे येऊ. या जंतूचे शेकडो प्रकार आहेत. काही विष बनवतच नाहीत, काही बेताचं बनवतात, काही भरमसाट. शास्त्रज्ञ त्यांना क्रमांक देतात, आपण बियाण्याच्या वाणांना देतो तसेच. त्यातला ०२७ क्रमांकाचा वाण जगभर बदनाम झाला. तो १९८५ साली फ्रान्समध्ये सापडला होता, पण तेव्हा त्यानं साथ आणली नाही. मग कॅनडाच्या क्विबेक प्रांतात काय झालं ते पाहा. तिथल्या शेरब्रुक भागात १९९१ साली लाखामागे सुमारे ३६ जणांना हा आजार होत होता. २००३ साली तो आकडा १५६ वर गेला. पासष्टीच्या पुढच्या माणसांत तर लाखामागे १०२ वरून ८६६ वर. निदान झाल्यापासून ३० दिवसांत दगावणारे सुरुवातीला शंभरात पाचांच्या आत होते, ते पुढे जवळजवळ १४ झाले.

इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल नावाच्या रुग्णालयात २००३ ते २००५ या काळात दोन साथी आल्या. ३३४ रुग्णांना लागण झाली आणि किमान ३३ जण मृत्युमुखी पडले. त्याची सरकारी चौकशी झाली, २००६ साली अहवाल आला. त्यात ठपका ठेवला गेला तो व्यवस्थापनावर. जुलाबाच्या रुग्णांना वेगळं ठेवायला हवं होतं. पण कामाची उद्दिष्टं गाठण्याला महत्त्व दिलं गेलं आणि रुग्णांची सुरक्षितता मागे पडली. ग्रामपंचायत, पंचायत समितीत काम करणाऱ्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं. उद्दिष्टाचा तक्ता भरताना मूळ काम बाजूला पडतं, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

या वाणात असं काय होतं? दोन गोष्टी. पहिली विषाची. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा वाण प्रयोगशाळेत वाढवला, तर विष 'ए' नेहमीच्या वाणांच्या १६ पट आणि विष 'बी' २३ पट निघालं. शिवाय एक तिसरं विषही तो बनवत होता. दुसरी गोष्ट औषधाला न जुमानण्याची. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही एका कुळातली औषधं, त्या कुळाचं नाव फ्लुरोक्विनोलोन. ती त्या काळात दवाखान्यांतून सर्रास दिली जात होती आणि या वाणावर त्यांचा असर होत नव्हता. २०१३ साली जंतूच्या जनुकांचा माग काढल्यावर दिसलं, की या वाणाच्या दोन वेगवेगळ्या शाखांनी उत्तर अमेरिकेत हाच एक गुण कमावला आणि मग त्या जगात पसरल्या. बोंडअळीची गोष्ट आठवली ना? फवारणी तीच ती होत राहिली, की त्या फवारणीला पुरून उरणारीच जात शेतात शिल्लक राहते.

मग वाण कळला की आजार किती गंभीर होणार ते कळलं, असं म्हणायचं का? इथं शास्त्रज्ञांतच मतभेद झाले. अमेरिकेतल्या मिशिगन इथल्या संशोधकांनी २०१२ साली सांगितलं, की रुग्णाचं वय, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, अंगातलं प्रथिन हे सगळं हिशेबात धरलं तर नुसत्या वाणावरून गंभीर आजाराचा अंदाज बांधता येत नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या ऑक्सफर्डमधून उलट निष्कर्ष आला. तिथं ०२७ ज्या गटात मोडतो त्या गटाच्या लागणीत १४ दिवसांत शंभरात २० जण दगावले. ०७८ नावाच्या दुसऱ्या वाणाच्या गटात २५ आणि नेहमीच्या वाणांच्या गटात १२. म्हणजे वाणाचा फरक तिथं स्पष्ट दिसला.

तुम्ही म्हणाल, यातलं खरं कोणतं मानायचं? शेतकऱ्याला हा पेच अवघड वाटू नये. एकच बियाणं काळ्या रानात एक उतारा देतं आणि मुरमाड रानात दुसरा. कुणी म्हणेल बियाण्यामुळे, कुणी म्हणेल जमिनीमुळे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. घातक वाण म्हातारपणानं, शस्त्रक्रियेनं, औषधांच्या माऱ्यानं खचलेल्या आतड्यात पडला की माणूस जातो. साधा वाणही अशा शरीरात पडला तर जीव घेऊ शकतो. ऑक्सफर्डचे ते शंभरातले १२ विसरू नका. आणि तान्ह्या बाळाच्या पोटात तोच जंतू असून बाळ खेळत असतं. वाणाला महत्त्व आहे, पण रानालाही आहे. वाण निवडणं आपल्या हातात नसतं. रान राखणं मात्र पुष्कळसं आपल्या हातात आहे.

हे मी नुसतं उपमेनं म्हणत नाही, त्याचा पुरावा इंग्लंडनंच दिला. २००६ च्या सुमारास तिथं या साथीनं कहर केला होता. मग दोन उपाय जोडीनं झाले. रुग्णालयांची स्वच्छता वाढवली आणि फ्लुरोक्विनोलोन औषधांचा वापर आवळला. पुढच्या काही वर्षांत हा आजार सुमारे ८० टक्क्यांनी घटला. श्रेय कोणाचं, हा प्रश्न होताच. २०१७ साली त्याचं उत्तर आलं. ऑक्सफर्डशायरमध्ये २००६ साली सापडणाऱ्या जंतूंपैकी शंभरात ६७ या औषधाला दाद न देणारे होते. २०१३ च्या सुरुवातीला ते शंभरात ३ च्या आसपास उरले. औषधाला दाद देणारे साधे वाण मात्र फारसे कमी झाले नाहीत. आता विचार करा. केवळ झाडलोट आणि हात धुणं यानंच घट झाली असती, तर दोन्ही तऱ्हेचे वाण सारखेच घटले असते. घटला तो फक्त औषधाच्या आडोशानं वाढलेला वाण. औषध आवळलं तसा त्याचा आडोसा गेला. म्हणून स्वच्छता सोडायची असं मात्र कुणी समजू नये. रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे लागण जाते, ती थांबवायला साबण-पाणीच लागतं.

आता गोठ्याकडे वळू. वर ज्या ०७८ वाणाचा उल्लेख केला, तो डुकरांच्या पिलांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. नेदरलँड्समध्ये २००५ ते २००८ या तीन वर्षांत माणसांमधल्या लागणीत त्याचा वाटा शंभरात ३ वरून १३ वर गेला. ०२७ च्या तुलनेत याचे रुग्ण वयानं तरुण होते आणि त्यांतल्या अधिक जणांना लागण दवाखान्याबाहेर झाली होती. पुढे २०१४ साली डच संशोधकांनी डुक्कर पाळणाऱ्या शेतकऱ्यांचे आणि त्यांच्याच डुकरांचे जंतू जनुकांपर्यंत ताडून पाहिले, तर काही ठिकाणी ते अगदी एकसारखे निघाले. जनावर, माणूस आणि दवाखाना यांच्यामध्ये आपण समजतो तशी भिंत नाही. आपण कोंबड्यांना, वासरांना जे एन्रोफ्लॉक्सासिन देतो, ते सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच कुळातलं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? कोलिस्टिन हे औषध माणसासाठी शेवटचा आधार म्हणून राखून ठेवायचं असतं. ते खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला केंद्र सरकारनं २०१९ साली बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

गोठ्यातून दवाखान्यानं एक चांगली गोष्टही उचलली आहे. जनावराचं पोट बंद पडलं, रवंथ थांबलं, की निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस काढून आजारी जनावराला पाजतात, हे पशुवैद्यकांना जुनं ठाऊक आहे. माणसाच्या बाबतीतही तोच विचार केला गेला. या आजारातून बरं झालेल्या साधारण पाचातल्या एकाला तो पुन्हा उलटतो. असा वारंवार उलटलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये प्रयोग झाला आणि २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. निरोगी माणसाच्या शौचातले जंतू नळीवाटे रुग्णाच्या आतड्यात सोडले. १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले; नुसतं व्हँकोमायसिन घेणाऱ्या १३ पैकी ४ जण. ऐकायला किळसवाणं वाटेल. पण उजाड रानात पुन्हा पीक उभं केलं, एवढाच त्याचा अर्थ. २०१५ साली आणखी एक प्रयोग पुढे आला. याच जंतूचा विष न बनवणारा वाण रुग्णांना दिला, तर आजार उलटण्याचं प्रमाण शंभरात ३० वरून ११ वर आलं. घातक वाणाची जागा त्याच्याच निरुपद्रवी भावानं अडवली. वाण ओळखण्याचा फायदा असाही होतो.

हे सगळं सांगून मी तुमच्याकडे मागतो ते थोडकंच आहे.

घरच्या मंडळींना सांगतो. सर्दी-पडशाला दुकानातून प्रतिजैविक आणू नका. सर्दी बहुधा विषाणूची असते, तिच्यावर ते चालतच नाही. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवू नका आणि शेजाऱ्याला देऊ नका. याचा अर्थ गरजेचं औषध टाळायचं असा नव्हे. डॉक्टरांनी तपासून दिलेलं औषध त्यांनी सांगितलं तसंच घ्यायचं. प्रतिजैविक घेताना किंवा घेऊन झाल्यावर काही आठवड्यांत दिवसात तीनदा किंवा जास्त पातळ जुलाब झाले, तर 'खाण्यात काही आलं असेल' म्हणून बसू नका. डॉक्टरांना आधी हे सांगा, की आम्ही अमुक औषध घेत होतो. आणि जुलाब थांबवणारी गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. आम्ही ती चूक केली आहे.

दवाखान्यात रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी संडासानंतर, रुग्णाला साफ केल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवावेत. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर बसू नये. जुलाबाच्या रुग्णाला वेगळा संडास देता येईल का, हे न लाजता विचारावं.

सरपंच, ग्रामसेवक आणि रुग्ण कल्याण समितीवरच्या सभासदांना एक विनंती. ग्रामीण रुग्णालयाच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पंख्यांच्या खर्चाआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक वॉर्डातल्या नळाला पाणी आहे का, नळाजवळ साबण आहे का, आणि संडास क्लोरीनच्या द्रावणानं रोज धुतले जातात का? बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल जसं आपण वाचतो, तसं हेही जाऊन स्वतः पाहून या. गावातल्या औषध दुकानदाराशीही बोला. २०१४ पासून एच-वन या यादीतली प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. तो कायदा कागदावर आहे. तो गावात आणायचा की नाही, हे आपल्यावर आहे.

तात्या आता काठी टेकत बांधापर्यंत जातात. त्यांच्या पोटात शिरलेला वाण कोणता होता, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि आता कळणारही नाही. पण त्याला रान कुणी मोकळं करून दिलं, हा प्रश्न मला अजून सतावतो. शस्त्रक्रियेची इंजेक्शनं तर लागणारच होती. मात्र त्याआधी वर्षभर तात्यांना कधी कणकण, कधी खोकला म्हणून मीच दुकानातून चार वेळा गोळ्यांची पाकिटं आणली होती. एकदाही चिठ्ठी नव्हती. दुकानदारानं मागितली नाही आणि मीही कधी विचार केला नाही. तुमच्या घरातल्या औषधाच्या डब्यात आज काय काय पडलं आहे, ते एकदा उघडून बघा.